जीपीआरपी पेप्टाइड प्रयोगशाळेत कसे वापरावे: फायब्रिनची जुळणी रोखणारी चार अमिनो आम्ले

रक्त साकळण्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन वेगळ्या घटना घडतात, पण त्या इतक्या लागोपाठ घडतात की परीक्षानळीकडे पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात. आधी थ्रॉम्बिन हे विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या रेणूवरील छोटे तुकडे कापून टाकते आणि मग कापले गेलेले रेणू, म्हणजे फायब्रिन, विकराची आणखी मदत न घेता, एकमेकांना जुळून तंतू तयार करतात. पहिली घटना होऊ द्यायची आणि दुसरी थांबवायची, हे काम ग्लायसिन-प्रोलिन-आर्जिनिन-प्रोलिन या चार अमिनो आम्लांचे पेप्टाइड करते. प्रयोगशाळेच्या बोलीत त्यालाच जीपीआरपी म्हणतात. नाशिकमधील जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, पाण्याचे तापनियंत्रक पात्र आणि बऱ्यापैकी पिपेट एवढ्या साहित्यावर यावर उत्तम प्रकल्प करता येतो. तो कसा करावा, आणि मुख्य म्हणजे पेप्टाइडने नेमके काय थांबवले हे कसे सिद्ध करावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

हे पेप्टाइड कुठून आले

फायब्रिनोजेन हे सुमारे ३,४०,००० डाल्टन वजनाचे प्रथिन असून त्यात आल्फा, बीटा आणि गॅमा या तीन प्रकारच्या प्रत्येकी दोन साखळ्या असतात. थ्रॉम्बिन आल्फा साखळीच्या टोकाचा १६ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे फायब्रिनोपेप्टाइड ए, कापते आणि त्यामागोमाग काहीशा संथपणे बीटा साखळीचा १४ अमिनो आम्लांचा फायब्रिनोपेप्टाइड बी कापते. फायब्रिनोपेप्टाइड ए निघून गेल्यावर आल्फा साखळीचे जे नवे टोक उघडे पडते, त्याची सुरुवात ग्लायसिन-प्रोलिन-आर्जिनिन अशी असते. हे टोक खुंटीसारखे शेजारच्या रेणूच्या गॅमा साखळीतील खोबणीत बसते आणि जुळणी सुरू होते. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू लॉडानो आणि रसेल डूलिटल यांनी या टोकाची नक्कल करणारी छोटी पेप्टाइडे तयार केली आणि ती फायब्रिनोजेनला चिकटून फायब्रिनची जुळणी रोखतात हे १९७८ साली प्रसिद्ध केले. मानवी साखळीत चौथ्या जागी व्हॅलिन असते. तिथे प्रोलिन घातले की पेप्टाइड अधिक घट्ट बसते, आणि म्हणूनच संशोधनात जीपीआरपी रूढ झाले. १९९७ साली याच विद्यापीठातून ही खोबणी असलेल्या फायब्रिनच्या डी भागाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा खोबणीत बसलेले हे पेप्टाइड प्रत्यक्ष दिसले.

यातून प्रयोग करणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. जीपीआरपी थ्रॉम्बिनला अडवत नाही. ते खोबणी आधीच भरून टाकते. थ्रॉम्बिनलाच रोखणारे हेपॅरिन किंवा हिरुडिन घातलेल्या रक्ताच्या नळीतही गाठ होत नाही आणि जीपीआरपी घातलेल्या नळीतही होत नाही, पण दोन्हींची कारणे पूर्ण वेगळी आहेत. हा फरक न दाखवणारा प्रयोग मला अपुरा वाटतो, मग त्यातला आलेख कितीही सुबक असो.

खरेदी करताना

मागणीपत्रात पेप्टाइडचे नाव लिहून भागत नाही, दोन्ही टोकांची स्थिती लिहावी लागते. या पेप्टाइडचे पहिल्या ग्लायसिनचे टोक मोकळे असणे अत्यावश्यक आहे, कारण त्या टोकावरील धनभारित अमिनो गटच खोबणीतील ऋणभारित ॲस्पार्टिक आम्लाला धरतो. पुष्कळ पेप्टाइडे टिकाऊपणासाठी त्या टोकाला ॲसिटिल गट लावून विकली जातात. तसे जीपीआरपी घेतले तर ते काम करणार नाही. दुसऱ्या टोकाला मात्र साधे आम्ल किंवा अमाइड यांपैकी काहीही चालते. थोडे अधिक पैसे असतील तर ॲसिटिल लावलेले थोडे पेप्टाइड मुद्दाम वेगळे मागवावे. ते नियंत्रण नमुना म्हणून फार उपयोगी पडते.

शुद्धता आणि प्रत्यक्ष पेप्टाइडचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. शुद्धता ९५ टक्के असली तरी कुपीतील पांढऱ्या भुकटीत ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लाचा क्षार आणि पाणी यांचे वजन मिसळलेले असते, त्यामुळे पेप्टाइड स्वतः ८० टक्के किंवा त्याहूनही कमी असू शकते. हा आकडा पुरवठादाराच्या विश्लेषणपत्रकात असतो. नसल्यास मागून घ्यावा. जीपीआरपीचा रेणुभार ४२५.५ आहे. ५० मिलिमोलर तीव्रतेचे ५०० मायक्रोलिटर द्रावण करायचे तर शुद्ध पेप्टाइड १०.६४ मिलिग्रॅम लागेल, आणि भुकटीत ते ८० टक्के असेल तर १३.३ मिलिग्रॅम भुकटी तोलावी लागेल. हा हिशेब न केल्याने सगळे आकडे एका दिशेने सरकतात आणि पुढे कोणत्याही सांख्यिकीने ते दुरुस्त होत नाहीत. या पेप्टाइडमध्ये टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन नसल्याने २८० नॅनोमीटरवर त्याची तीव्रता तपासताही येत नाही, म्हणून तोलण्यावरच भिस्त ठेवावी लागते.

माल बहुधा मुंबई किंवा पुण्याहून येतो. शीतशुष्क केलेले जीपीआरपी प्रवासातले काही दिवस सहज सोसते. त्यात सिस्टिन किंवा मेथिओनिन नसल्याने हवेतील ऑक्सिजनचाही त्याला फारसा धोका नाही. खरी नाजूक चीज आहे थ्रॉम्बिन आणि फायब्रिनोजेन, तरीही लोक पेप्टाइडचीच काळजी अधिक करतात. एप्रिल-मेच्या उन्हात नाशिकला हा माल मागवायचा तर तो आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असे पाहावे, म्हणजे शनिवार-रविवारी तो कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही. भुकटीची कुपी उणे २० अंशांवर, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नये. पावसाळ्यात तर हे पथ्य काटेकोर पाळावे, कारण थंड भुकटीवर दमट हवेतील पाणी क्षणात बसते आणि पुढच्या वेळचे वजन खोटे ठरते.

द्रावणे

जीपीआरपी पाण्यात सहज विरघळते, त्यासाठी डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकाची गरज नाही. विरघळल्यावर सामू अवश्य तपासावा. ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लाच्या क्षारामुळे तीव्र द्रावण बरेच आम्लधर्मी असते, आणि फायब्रिनची जुळणी सामूला फार संवेदनशील असल्याने न तपासलेले द्रावण घातले की परिणाम पेप्टाइडचा की आम्लाचा हे कळेनासे होते. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालून सामू ७.४ च्या आसपास आणावा, नंतर आकारमान पूर्ण करावे आणि छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवावे.

बफरसाठी ५० मिलिमोलर ट्रिस किंवा २० मिलिमोलर हेपिस, त्यात १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि सामू ७.४, हे पुरते. फॉस्फेट बफर वापरू नये, कारण पुढे कॅल्शियम घालायचे असते आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका गढूळपणाच्या मोजमापात मिसळतो.

फायब्रिनोजेनला वेळ द्यावा लागतो. बफर ३७ अंशांपर्यंत गरम करून त्याच्या पृष्ठभागावर भुकटी हलकेच पसरावी आणि ती आपसूक भिजू द्यावी. जोराने हलवले किंवा व्हॉर्टेक्सवर धरले की फेस होतो, प्रथिन फेसाच्या पृष्ठभागावर उलगडते आणि विरघळण्याऐवजी त्याच्या दोऱ्या होतात. तयार द्रावण फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीत फायब्रिनोजेनचा साका बसू शकतो. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा किती खाली जातो हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे, आणि सकाळी लवकर काम सुरू करणाऱ्या, न तापवलेल्या प्रयोगशाळेत तेच द्रावण टेबलावरच धुरकट झालेले दिसू शकते. अशा वेळी ते टाकून न देता ३७ अंशांच्या पात्रात ठेवावे, निवळल्यावर गाळावे आणि तीव्रता पुन्हा मोजावी. मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम फायब्रिनोजेन १ सेंटिमीटर जाडीच्या क्युव्हेटमध्ये २८० नॅनोमीटरवर सुमारे १.५१ शोषणांक दाखवते; ३२० नॅनोमीटरवरचे वाचन त्यातून वजा केले की धुरकटपणामुळे येणारी चूक बरीच कमी होते.

थ्रॉम्बिन काचेला चिकटते, म्हणून त्यासाठी प्लास्टिकच्या नळ्या वापराव्यात आणि पातळ द्रावणात ०.१ टक्का बोवाइन सिरम अल्ब्युमिन घालावे. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नये.

मुख्य प्रयोग

१ मिलिलिटरच्या मिश्रणाचा हिशेब असा धरता येईल. मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम असलेले फायब्रिनोजेन १०० मायक्रोलिटर, १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड २० मायक्रोलिटर, मिलिलिटरमागे १० एकके असलेले थ्रॉम्बिन २० मायक्रोलिटर, आणि उरलेल्या ८६० मायक्रोलिटरमध्ये पेप्टाइड व बफर मिळून. अंतिम मिश्रणात फायब्रिनोजेन मिलिलिटरमागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १.५ मायक्रोमोलर, कॅल्शियम २ मिलिमोलर आणि थ्रॉम्बिन ०.२ एकक येते. पेप्टाइडच्या अंतिम तीव्रता ०, ०.०५, ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिमोलर अशा घ्याव्यात. सर्वात खालच्या दोन तीव्रतांसाठी ५० मिलिमोलर द्रावणाचे १ किंवा २ मायक्रोलिटर उचलावे लागतील, आणि एवढ्या लहान आकारमानावर विसंबणे योग्य नाही. त्यासाठी ते द्रावण दहापट पातळ करून १० आणि २० मायक्रोलिटर घ्यावे. या हिशेबाने एका पूर्ण मालिकेला ७८ मायक्रोलिटर पेप्टाइड लागते, म्हणजे वर तयार केलेल्या ५०० मायक्रोलिटरमध्ये तिहेरी नमुन्यांच्या दोन मालिका निघून थोडे उरते.

बफर, कॅल्शियम, पेप्टाइड आणि फायब्रिनोजेन एकत्र करून ५ मिनिटे ठेवावे, म्हणजे खोबण्या भरायला वेळ मिळेल. थ्रॉम्बिन सर्वांत शेवटी घालावे, क्युव्हेटच्या तोंडाला पॅराफिल्म लावून एकदाच हलके उलटावे आणि लगेच वाचन सुरू करावे. बुडबुडा राहिला तर तोही प्रकाश विखुरतो. ३५० नॅनोमीटरवर दर १५ सेकंदांनी, २० ते ३० मिनिटे शोषणांक नोंदवावा. साधे प्लास्टिकचे क्युव्हेट असतील तर ४०५ नॅनोमीटर अधिक सुरक्षित. एका वेळी एकच क्युव्हेट घेणारे यंत्र असेल तर नमुन्यांचा क्रम चढता न ठेवता सरमिसळ करावा आणि पेप्टाइड नसलेला नमुना दिवसाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा चालवावा. फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन दिवसभरात थोडे मंदावतात, आणि चढत्या क्रमाने काम केले तर तो मंदपणा पेप्टाइडच्या खात्यावर जमा होतो. खोलीच्या तापमानावरही भिस्त ठेवू नये. नाशिकच्या जानेवारीतील आणि मेमधील खोलीचे तापमान यांत इतकी तफावत असते की दोन सत्रांतील विद्यार्थ्यांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. म्हणून २५ किंवा ३७ अंश यांपैकी एक ठरवून क्युव्हेट-धारक त्यावरच ठेवावा.

आलेखातून तीन गोष्टी वाचायच्या: गढूळपणा सुरू होईपर्यंतचा थांबा, त्यानंतरच्या चढणीचा सर्वाधिक वेग आणि शेवटी स्थिरावलेला शोषणांक. पेप्टाइड वाढवत नेले की थांबा लांबतो, चढण मंदावते आणि पुरेशा तीव्रतेला रेषा तळाशीच राहते. मात्र तिसऱ्या आकड्याचा अर्थ लावताना सावध राहावे. गढूळपणा किती फायब्रिन झाले यावर जसा अवलंबून असतो, तसाच तंतू किती जाड झाले यावरही असतो. थ्रॉम्बिन कमी असताना तंतू जाड होतात आणि तेवढ्याच फायब्रिनचा शोषणांक अधिक भरतो. म्हणून शेवटचा शोषणांक निम्मा आला तर निम्मे फायब्रिन झाले असे लिहू नये. मिश्रण १०,००० जी, म्हणजे गुरुत्वाच्या १०,००० पट बलाने सेंट्रिफ्यूज करून वरच्या निवळीत किती प्रथिन उरले ते २८० नॅनोमीटरवर मोजावे, म्हणजे गाठीत गेलेल्या प्रथिनाचा खरा अंदाज येतो.

थ्रॉम्बिन थांबलेले नाही, हे दाखवण्यासाठी

प्रकल्पाचा कस लागतो तो इथे. सर्वांत सोपा मार्ग रंग सोडणाऱ्या कृत्रिम पदार्थाचा आहे. एस-२२३८ हा पदार्थ थ्रॉम्बिनने कापला की पिवळे पॅरानायट्रोॲनिलिन सुटते आणि ४०५ नॅनोमीटरवर ते मोजता येते. फायब्रिनोजेन न घालता, पेप्टाइडसह आणि पेप्टाइडविना पिवळा रंग येण्याचा वेग ताडून पाहावा. दोन्ही वेग जवळपास सारखे आले तर विकर शाबूत आहे. ग्लायसिन-प्रोलिन-आर्जिनिन हाच क्रम असलेला रंग सोडणारा पदार्थही थ्रॉम्बिनसाठी मिळतो आणि थ्रॉम्बिन तो कापते, मग जीपीआरपी का कापले जात नाही असा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच. उत्तर चौथ्या प्रोलिनमध्ये आहे: आर्जिनिननंतर लगेच प्रोलिन आले की थ्रॉम्बिनला तो बंध तोडता येत नाही.

नियंत्रण नमुन्यांत ॲसिटिल लावलेले जीपीआरपी, तीच चार अमिनो आम्ले वेगळ्या क्रमाने जोडलेले पेप्टाइड आणि तेवढ्याच क्षारांचे, त्याच सामूचे नुसते बफर हे तिन्ही असावेत. ग्लायसिन-हिस्टिडिन-आर्जिनिन-प्रोलिन हेही जमल्यास घ्यावे. ते बीटा साखळीच्या टोकाची नक्कल करते आणि दुसऱ्याच खोबणीत बसते. फायब्रिनोजेनला चिकटूनही ते जुळणी थांबवत नाही. जुळणीची सुरुवात कोणत्या खुंटीवर अवलंबून आहे, हे या एका तुलनेतून लख्ख कळते.

माझ्या मते सर्वांत निर्णायक पुरावा डायलिसिसचा आहे, आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही. फायब्रिनोजेन आणि २ मिलिमोलर जीपीआरपी यांच्या मिश्रणात थ्रॉम्बिन घालून ते कापण्याचे काम पुरते होईपर्यंत, म्हणजे तासभर, ठेवावे. या प्रयोगापुरते कॅल्शियम घालू नये, कारण फायब्रिनोजेनच्या भुकटीत अनेकदा रक्त साकळण्यातल्या घटक तेरा या प्रथिनाचा अंश असतो आणि कॅल्शियम मिळाले की तो रेणूंना कायमचे सांधू लागतो. त्यानंतर हिरुडिन भरपूर घालून थ्रॉम्बिन निकामी करावे. नळीतील द्रव अजूनही निवळ असेल. आता तो १०,००० डाल्टनच्या आसपास छिद्रमर्यादा असलेल्या डायलिसिस पिशवीत भरून बफरमध्ये ठेवावा आणि बफर दोन-तीनदा बदलावे. ४२५ डाल्टनचे पेप्टाइड पिशवीबाहेर निघून जाते, फायब्रिनचे रेणू आत राहतात, खोबण्या मोकळ्या होतात आणि पिशवीतला द्रव गोठतो. त्या वेळी थ्रॉम्बिन निकामी असते, म्हणजे कापणी आधीच झालेली होती आणि जुळणी तेवढी अडवलेली होती. सोबत आणखी एक पिशवी ठेवावी, जिच्यात हिरुडिन थ्रॉम्बिनच्या आधी घातलेले असेल. ती गोठता कामा नये.

उच्च दाबाचे द्रव क्रोमॅटोग्राफी यंत्र उपलब्ध असेल, तर मोठी प्रथिने उष्णतेने किंवा आम्लाने साक्यात उतरवून वरच्या निवळीत फायब्रिनोपेप्टाइड ए २१४ नॅनोमीटरवर मोजता येते. पेप्टाइड असताना आणि नसताना ते सुटण्याचा वेग ताडावा, मात्र त्याच आलेखात जीपीआरपीचे शिखर कुठे येते ते आधी वेगळे पाहून ठेवावे.

रक्त आणि रक्तबिंबिकांवर वापर

शुद्ध फायब्रिनोजेनपुढे जायचे असेल तर मानवी रक्त लागते, आणि ते संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मान्यता व दात्याची माहितीपूर्ण संमती यांशिवाय घेऊ नये. वर्गमित्राचे थोडेसे रक्त म्हणून यात सूट नाही. ज्या महाविद्यालयात अशी समिती नाही, त्यांनी शहरातील वैद्यकीय महाविद्यालयातील मार्गदर्शकाबरोबर संयुक्त प्रस्ताव करणे उत्तम. रक्त ३.२ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये नऊ भागांस एक भाग या प्रमाणात घ्यावे आणि कचऱ्याची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार करावी.

संशोधनात जीपीआरपीचा सर्वाधिक उपयोग याच क्षेत्रात होतो. रक्तबिंबिका (प्लेटलेट) थ्रॉम्बिनने कशा उत्तेजित होतात हे पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर पाहायचे, तर प्लाझ्मातील फायब्रिनोजेन आधी गोठून यंत्राची नळीच बंद पडते. मिश्रणात २ ते ५ मिलिमोलर जीपीआरपी घातले की थ्रॉम्बिन रक्तबिंबिकांवर काम करते, पण गाठ होत नाही, आणि पी-सिलेक्टिनसारख्या पृष्ठभागावरील खुणा मोजता येतात. इथे तीव्रता अधिक असल्याने सामूची काळजीही अधिक घ्यावी. रक्तबिंबिकांना फायब्रिनोजेन किती चिकटते हेच मोजायचे असेल तर मात्र जीपीआरपी टाळावे, कारण ज्या प्रथिनाचे मोजमाप करायचे त्यालाच ते धरून बसते. अशा वेळी ट्रॅप-६ हे सहा अमिनो आम्लांचे पेप्टाइड घ्यावे. ते थ्रॉम्बिनऐवजी पार-१ या ग्राहीला थेट उत्तेजित करते. उंदराच्या रक्तबिंबिकांवर पार-१ नसतो, त्यामुळे तिथे ट्रॅप-६ चालत नाही.

नाशिक जिल्ह्यात या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषात साकळण्याच्या साखळीतील घटकांना अवेळी चेतवणारी प्रथिने असतात. फुरशाचे विष प्रोथ्रॉम्बिनला, तर घोणसीचे दहाव्या आणि पाचव्या घटकाला चेतवते. दंशानंतर फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि रुग्णाचे रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे ठेवूनही साकळत नाही. जीपीआरपीच्या नळीतही रक्त साकळत नाही, पण तिथे फायब्रिनोजेन संपलेले नसून फायब्रिनचे रेणू एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात. न साकळणाऱ्या रक्तामागे किती वेगवेगळी कारणे असू शकतात, हे द्राक्षबागांत आणि भाताच्या खाचरांत काम करणाऱ्यांच्या या जिल्ह्यातील वैद्यकीय विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंनी समजून घेतलेले चांगले.

याखेरीज फायब्रिनला चिकटण्याच्या गुणामुळे या क्रमाची पेप्टाइडे किरणोत्सारी टेक्नेशियमला जोडून शरीरातील गाठी शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि कृत्रिम बहुवारिकांना जोडून फायब्रिनच्या जाळीचे गुणधर्म बदलण्याचेही. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत त्यांचा उल्लेख करावा, पण एका सत्रात तिथवर पोहोचण्याचे योजू नये. प्रयोगशाळेसाठी विकले जाणारे हे पेप्टाइड औषध नाही. ते माणसाला किंवा जनावराला टोचण्याचा विचारही करू नये.

नोंदवहीत पेप्टाइडचा लॉट क्रमांक, विश्लेषणपत्रकातील पेप्टाइडचे प्रमाण, दोन्ही टोकांची स्थिती, फायब्रिनोजेनचा प्राणी-स्रोत व त्या दिवशी मोजलेली तीव्रता, थ्रॉम्बिनची एकके, क्युव्हेट-धारकाचे तापमान आणि नमुने चालवण्याचा क्रम हे सर्व त्याच दिवशी, पेनाने लिहावे.